बिनतारी श्रवणयंत्र आणि वर्गातील अंतर

प्राथमिक शाळेत मंद समजली जाणारी काही मुले वस्तुतः मंद नसतात. त्यांना ऐकू येत नसते. ही गोष्ट आता बहुतेक शिक्षकांस ठाऊक झाली आहे. अशा मुलाची तपासणी व्हावी व त्यास श्रवणयंत्र मिळावे, येथवर आपले लक्ष जाते. परंतु यंत्र कानावर चढले म्हणजे काम संपले, अशी जी समजूत आहे ती मुलाचे फार नुकसान करते. काही महिन्यांनी तेच यंत्र घरातील पत्र्याच्या पेटीत पडून राहिलेले आढळते. मुलास विचारावे तर ते म्हणते, "नुसता गलका होतो." पालकांस वाटते, मूलच हट्टी आहे. शिक्षकांस वाटते, यंत्र निकामी आहे. यांपैकी एकही गोष्ट खरी नसण्याचा संभव मोठा आहे. मूल खरे बोलत असते. यंत्रही चालू असते. अडचण असते ती शिक्षकाचे मुख आणि मुलाचा कान यांमधील अंतराची.

हे अंतर नाहीसे करण्याची एक युक्ती आधुनिक श्रवणयंत्रांत आली आहे. तीस बिनतारी जोडणी म्हणतात. तिचे तत्त्व काय, ती वर्गात कशी वापरावी आणि ती उपलब्ध नसल्यास काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. श्रवणयंत्र काय करते व काय करीत नाही

चष्मा डोळ्यांवर चढविताच अक्षरे स्वच्छ दिसतात. श्रवणयंत्राचे तसे नाही. यंत्रातील सूक्ष्म माइक भोवतालचा ध्वनी टिपतो, त्याचे विजेच्या संकेतांत रूपांतर होते, ते संकेत मुलाच्या श्रवणदोषाच्या प्रमाणात वाढविले जातात व पुन्हा ध्वनिरूपाने कानात सोडले जातात. आजची अंकीय यंत्रे आवाजाची काही निवड करतात हे खरे. तथापि सुपात धान्य पाखडून कोंडा वेगळा काढावा, इतकी स्वच्छ निवड कोणत्याही यंत्रास साधत नाही. गुरुजींचा शब्द वाढतो, तसाच पंख्याचा घरघराट वाढतो, शेजारच्या वर्गातील पाढ्यांचा गजर वाढतो आणि पावसाळ्यात पत्र्यावर वाजणारी सरही वाढते.

आता अंतराचा हिशेब पाहू. ध्वनीची पातळी डेसिबल या परिमाणात मोजतात. शिक्षक साधारण आवाजात बोलत असता १ मीटरवर ती पातळी सुमारे ६५ डेसिबल असते, असे धरू. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ती सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणजे २ मीटरवर ५९, ४ मीटरवर ५३ आणि ८ मीटरवर ४७ डेसिबल. वर्गखोलीत भिंतींवरून परतणारा प्रतिध्वनी या आवाजात थोडी भर घालतो, परंतु त्यामुळे शब्द स्पष्ट होत नाहीत, उलट एकमेकांत मिसळतात. भरलेल्या वर्गातील गलबला ५० ते ६० डेसिबलपर्यंत सहज जातो. श्रवणदोष असलेल्या मुलास शब्द उमगावयाचा तर शिक्षकाचा आवाज या गलबल्याहून १५ डेसिबल तरी वर असावा, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. मागच्या रांगेत तो वर राहणे दूरच, गलबल्याखाली बुडून जातो.

याचा परिणाम कसा होतो, हे अंकांच्या पाठात पाहावे. "सात", "आठ" आणि "साठ" या तिन्ही शब्दांत "आ" हा स्वर मोठा आहे. "स", "त", "ठ" ही व्यंजने क्षीण आहेत. दुरून ऐकणाऱ्या मुलाच्या कानी फक्त "आ" पोहोचतो. मग ते साताच्या जागी आठ लिहिते आणि त्याच्या वहीवर फुली पडते. ही फुली वस्तुतः त्याच्या गणितावर नसते, ती वर्गातील अंतरावर असते.

२. बिनतारी योजनेचे तत्त्व

उपाय सोपा आहे. मुलाचा कान शिक्षकाच्या मुखाजवळ नेता येत नाही, परंतु माइक नेता येतो. शिक्षकाच्या छातीवर, मुखापासून सुमारे एक वीत अंतरावर लहानसा माइक लावला, तर १ मीटरवर ६५ डेसिबल असणारा आवाज तेथे सुमारे ७८ डेसिबल असतो. गलबला मात्र होता तितकाच राहतो. हा जवळून टिपलेला स्वच्छ शब्द तारेवाचून थेट मुलाच्या यंत्रात पोहोचविला की मूल शेवटच्या रांगेत असले तरी, गुरुजी त्याच्या कानाशी बोलत असल्याप्रमाणेच त्यास ऐकू येते.

शब्द पोहोचविण्याच्या रीती कालानुसार बदलत गेल्या.

(अ) चुंबकीय वेटोळे. ही सर्वांत जुनी रीत असून तिचे एकस्वपत्र ब्रिटनमध्ये १९३७ साली घेतले गेले. खोलीच्या कडेने तारेचे वेटोळे फिरवितात व माइकमधून येणारा विजेचा प्रवाह त्यातून सोडतात. आवाजाच्या चढउतारानुसार खोलीत चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते. श्रवणयंत्रातील तारेचे लहानसे गुंडाळे ते क्षेत्र टिपते. यंत्रावर "टी" अशी खूण असते ती या गुंडाळ्याची होय. खोलीबाहेर मात्र ही सोय संपते, आणि जवळून विजेच्या तारा गेल्या असल्यास गुणगुण ऐकू येते.

(आ) रेडिओ लहरी. पुढे शिक्षकापाशी एक लहान प्रक्षेपक व मुलापाशी ग्राहक अशी एफ.एम. पद्धती आली. आकाशवाणीचे केंद्र गावोगावच्या रेडिओ संचांस आवाज पोहोचविते, त्याच तत्त्वावर एका वर्गापुरते हे लहानसे केंद्र चालते. आधीच्या रीतीतील वेटोळे येथेही उपयोगी पडले. गळ्यात घालावयाचे वेटोळे ग्राहकास जोडून त्यातून आवाज "टी" गुंडाळ्यात सोडता येतो.

(इ) अंकीय लहरी. आजची बहुतेक साधने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, म्हणजे ही लहर सेकंदास सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते. आवाजाचे सेकंदास हजारो नमुने घेऊन त्यांचे अंक बनवितात व हे अंक लहान लहान गठ्ठ्यांनी पाठवितात. वायफाय व ब्लूटूथ ही साधनेही हाच पट्टा वापरतात. म्हणून गर्दी टाळण्यासाठी लहरीची कंप्रता सेकंदाला अनेक वेळा बदलली जाते. पाण्यात या लहरी शोषल्या जातात आणि मानवी शरीरात पाण्याचा अंश मोठा असतो. त्यामुळे डाव्या व उजव्या कानांतील यंत्रांनी एकमेकांशी संबंध ठेवावयाचा असता, मध्ये मस्तक आड येते. त्या कामी पुष्कळ यंत्रांत आजही जवळच्या अंतराची चुंबकीय रीतच योजतात.

(ई) ब्लूटूथ व त्याची नवी पद्धती. साध्या ब्लूटूथमध्ये दोन उणिवा होत्या. एक, त्यास वीज फार लागे. श्रवणयंत्राची बॅटरी तर वाटाण्याएवढी. दुसरी, आवाज दशांश सेकंद किंवा त्याहूनही उशिरा पोहोचे. वीज चमकल्यावर गडगडाट मागून यावा, तसे गुरुजींचे ओठ आधी हलत व शब्द मागून येत. ओठ पाहून समजून घेणाऱ्या मुलास हा विलंब फार बाधतो. २०१३-१४ च्या सुमारास ठरावीक कंपनीच्या फोनशी थेट जुळणारी कमी वीज वापरणारी श्रवणयंत्रे आली. २०१८ साली अँड्रॉइड फोनसाठीही तशी पद्धती जाहीर झाली. जानेवारी २०२० मध्ये ब्लूटूथची नवी ध्वनिपद्धती घोषित होऊन २०२२ साली तिचे नियम पूर्ण झाले. तिच्यात कमी विजेत अधिक चांगला आवाज मिळतो, विलंब घटविता येतो आणि एका प्रक्षेपकावरून कितीही श्रोत्यांस आवाज देता येतो. या शेवटच्या सोयीस ऑराकास्ट असे नाव आहे. तिचा प्रसार झाल्यास रेल्वे फलाटावरील घोषणाही थेट श्रवणयंत्रात ऐकता येईल. अशी साधने ज्या दिवशी भुसावळ जंक्शनवर बसतील, त्या दिवशी आज आपल्या वर्गात बसलेले मूल कोणास न विचारता आपली गाडी ओळखू शकेल.

३. आपल्या विद्यार्थ्याचे यंत्र कोणते, हे कसे ओळखावे

कानामागील प्रत्येक यंत्रात ही सोय असतेच असे नाही. शासकीय योजनांतून मिळालेल्या यंत्राबाबतही ती गृहीत धरू नये, तपासून पाहावी. यंत्रासोबतची पुस्तिका किंवा पेटीवरील खुणा पाहाव्यात. "टी" किंवा "एम-टी" असा उल्लेख असल्यास चुंबकीय गुंडाळे आहे. ब्लूटूथचे चिन्ह असल्यास अंकीय जोडणी आहे. काही यंत्रांत सोय असूनही ती चालू केलेली नसते. ते काम श्रवणतज्ज्ञाकडून करून घ्यावे लागते. तसेच "ब्लूटूथ आहे" एवढ्यावर विसंबून राहू नये. काही यंत्रे ठरावीक फोनशीच जुळतात, तर माइक बहुधा त्याच कंपनीचा असावा लागतो. यास्तव नवे यंत्र घेण्यापूर्वी पालकांनी तज्ज्ञांस स्पष्ट विचारावे की, "यास शिक्षकांचा माइक जोडता येईल काय? आमच्या फोनशी हे जुळेल काय?" हे दोन प्रश्न शिक्षकांनी पालकांस कागदावर लिहून द्यावेत.

४. वर्गातील उपयोग

माइक मिळाला तर तो मुलाचा नसून शिक्षकाचा आहे, असे समजावे. त्याचा उपयोग होणे न होणे सर्वस्वी शिक्षकाच्या हाती असते. पुढील गोष्टी नित्य पाळाव्यात.

(१) माइक मुखाखाली सुमारे एक वीत अंतरावर असावा. साडीचा पदर, उपरणे अथवा गळ्यातील माळ त्यावर घासू देऊ नये. ती घासणी मुलाच्या कानात मोठ्याने वाजते.

(२) मुद्दाम ओरडून बोलू नये. नेहमीच्या आवाजात व स्पष्ट बोलावे.

(३) दुसऱ्या मुलांशी खाजगी बोलताना, कार्यालयात जाताना किंवा फोनवर बोलताना माइक बंद करावा. तो चालू राहिल्यास भिंतीपलीकडील बोलणेही कधी कधी मुलास ऐकू जाते व समोरचा अभ्यास राहून जातो.

(४) वर्गातील दुसरे मूल उत्तर देत असेल तर माइक त्याच्या हाती द्यावा, अथवा त्याचे उत्तर शिक्षकांनी पुन्हा उच्चारावे. केवळ गुरुजींचा शब्द ऐकणारे मूल वर्गाच्या संभाषणापासून तुटते.

(५) यंत्राचा स्वतःचा माइक पूर्णपणे बंद होणार नाही, अशी व्यवस्था तज्ज्ञांकडून करून घ्यावी. शेजारच्या सोबत्याची हाक व स्वतःचे वाचन या दोन्ही गोष्टी मुलास ऐकू आल्या पाहिजेत.

(६) रोज सकाळी प्रार्थनेनंतर एक मिनिटाची चाचणी घ्यावी. मुखापुढे कागद धरून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा ध्वनी वेगवेगळ्या क्रमाने उच्चारावेत. मुलाने ते जसेच्या तसे म्हणावेत किंवा ऐकू येताच हात वर करावा. काल ऐकू आलेला "स" आज ऐकू येत नसेल तर बॅटरी, कानातील साचा किंवा खुद्द कान यांपैकी कशात तरी बिघाड आहे, असे समजावे.

५. उन्हाळा, घाम व वीज

खानदेशात, विशेषतः जळगाव-भुसावळकडे, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. यंत्र खिडकीत, पत्र्याखालच्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. घामाने यंत्र ओले झाल्यास कोरड्या कापडाने पुसून, ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या डबीत रात्रभर ठेवावे. चुलीजवळ किंवा उन्हात वाळवू नये.

पुष्कळ यंत्रांतील बॅटरी जस्त व हवा यांच्या संयोगाने चालते. तिच्यावरील चिकटपट्टी काढल्यावर हवा आत शिरते. म्हणून पट्टी काढून एक मिनिट थांबावे व मग ती बसवावी. एकदा काढलेली पट्टी पुन्हा लावून बॅटरी वाचत नाही. पट्टीचा रंग आकार दर्शवितो: १० क्रमांकास पिवळा, ३१२ क्रमांकास तपकिरी, १३ क्रमांकास नारिंगी व ६७५ क्रमांकास निळा. बाजारात जाणाऱ्या पालकांस रंग सांगितला की पुरे. बिनतारी वापराने बॅटरी लवकर उतरते, म्हणून एक जादा जोडी शाळेत ठेवावी. ही बॅटरी लहान मुलाने गिळल्यास जिवावर बेतते. ती कुलपात ठेवावी. शिक्षकांचा माइक वीज असेल तेव्हा शाळेतच भारित करून ठेवावा.

६. माइक नसेल तर

आपल्या बहुतेक शाळांत आज हा माइक नाही. म्हणून हताश होण्याचे कारण नाही. बिनतारी साधन अंतर कमी करते. तेच काम काही अंशी पायांनी करता येते. मुलास पुढे, बऱ्या कानाची बाजू शिक्षकाकडे राहील असे, रस्ता व पंखा यांपासून दूर बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. शिक्षकाच्या मुखावर उजेड पडावा, पाठीमागे उघडी खिडकी नसावी. महत्त्वाचे वाक्य मुलापासून १ मीटरवर जाऊन सांगावे. ४ मीटरवरून १ मीटरवर आल्याने आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो, आणि त्यास एक पैचाही खर्च येत नाही.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. अनेक मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते. घरी "कथा" व "तठे" ऐकणारे मूल शाळेत "कुठे" व "तिथे" ऐकते. चांगले ऐकणारे मूल हा फरक खेळता खेळता शिकते. अर्धवट ऐकणाऱ्या मुलास मात्र दोन्ही शब्द अर्धेच मिळतात. सातपुड्यातील पावरा व भिल्ल वस्त्यांवर ही अडचण अधिकच मोठी होते. नवा शब्द त्याच्या घरच्या शब्दासह सांगावा, फळ्यावर लिहावा व वस्तू दाखवावी. घरची बोली सोडण्यास पालकांस सांगू नये. मूल आईच्या मांडीवर, एका हाताच्या अंतरावर जी भाषा ऐकते, तीच त्याची सर्वांत स्पष्ट ऐकलेली भाषा असते.

७. कोठे जावे

ज्याच्या श्रवणाविषयी शंका आहे, अशा मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकास द्यावे. हा कार्यक्रम २०१३ पासून चालू असून अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी त्यात होते. जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत कान तपासून घेता येतो. समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तालुक्याच्या गटसाधन केंद्राशी संलग्न असतात. त्यांस केंद्रप्रमुखांमार्फत कळवावे. साहाय्यक साधने पुरविण्याची केंद्र शासनाची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था या विषयातील देशातील प्रमुख संस्था आहे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती ऐकू कमी येणारी व ७० डेसिबल दोष असलेली व्यक्ती कर्णबधिर गणली जाते. परंतु याहून कमी दोष असलेल्या मुलास प्रमाणपत्र मिळाले नाही, तरी वर्गातील अडचण त्यास असतेच. कान वाहणाऱ्या मुलाचा दोष तर आज अधिक, उद्या कमी असा बदलत राहतो. त्याच्या कानात तेल घालू देऊ नये. त्यास डॉक्टरांकडे पाठवावे.

८. पुढील वर्गाची तरतूद

वर्ष संपले की मूल पुढील वर्गात जाते, शिक्षकाची बदली होते, आणि वर्षभरात साधलेली सवय मोडते. यंत्र पेटीत जाऊन पडते ते बहुधा अशाच वेळी. यास्तव मार्चअखेर एका कागदावर पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणता कान बरा, यंत्र कोणते, बॅटरीचा रंग कोणता, माइक आहे की नाही, सहा ध्वनींपैकी कोणते ऐकू येतात, आणि मूल कोठे बसविल्यास त्यास सर्वांत चांगले कळते. हा कागद मुलाच्या प्रगतिपत्रकास जोडावा व नव्या शिक्षकांनी जूनमध्ये पहिल्याच दिवशी तो वाचावा.

ज्या शाळांत श्रवणयंत्र वापरणारे मूल आहे, तेथील शिक्षक-शिक्षिकांनी उद्याच्या प्रार्थनेनंतर सहा ध्वनींची चाचणी घेऊन या कामास आरंभ करावा. आणि जेथे यंत्र मिळूनही मूल ते लावीत नाही, तेथे मुलास दोष देण्यापूर्वी एकदा त्याच्या जागेवर बसून, दुसऱ्या कोणाला फळ्यापाशी उभे करून बोलावयास सांगावे. तेथून काय ऐकू येते, हे स्वतः पाहावे.